आईच्या अळंब्यांची जागा

आमच्या वियोन नदीकाठच्या माणसाला तुम्ही काहीही विचारा. त्याची मिळकत विचारा, बायकोचं वय विचारा, मूळव्याधीचं ऑपरेशन कसं झालं ते विचारा. तो तुम्हाला खुर्ची देईल, ग्लास भरेल आणि अथपासून इतिपर्यंत सगळं सांगेल. फक्त सेप कुठे मिळाले, एवढं विचारू नका.

सेप म्हणजे आमच्याकडची अळंबी. तपकिरी टोपीची, जाड देठाची. सप्टेंबरात चांगला पाऊस होऊन वर दोन-चार दिवस ऊन पडलं की चेस्टनटच्या झाडांखाली उगवतात. बदकाच्या चरबीत लसूण घालून परतली की त्या वासाने भांडलेले भाऊसुद्धा एका टेबलाशी येऊन बसतात. जेवून झालं की पुन्हा भांडतात, ती गोष्ट वेगळी. आता ही अळंबी वाटेल तिथे उगवत नाहीत. प्रत्येक घराची एक जागा असते. घरचं माणूस पहाटे तिकडे जातं, येताना मागच्या बोळातून येतं, आणि टोपलीवर नेच्याची पानं झाकलेली असतात. टोपली भरलेली असली तरी पानं, रिकामी असली तरी पानं. वाटेत कुणी विचारलं, "मिळाली का?" तर म्हणायचं, "छे! यंदा काही खरं नाही."

ही जागा आईबापांकडून मुलाकडे येते, पण येते ती अगदी शेवटी. डॉक्टर मान हलवून गेला, पाद्रीबाबा कपाळाला तेल लावून गेले, की म्हातारं माणूस मुलाला जवळ बोलावतं आणि कानात सांगतं. त्याआधी नाही. आमच्या शेजारच्या फिर्मांच्या बापाने एकदा अशी जागा सांगून टाकली आणि दुसऱ्या दिवशी तो बरा झाला. उठून बसला, सूप मागितलं. पुढे कितीतरी वर्षं जगला बिचारा, पण बापलेकांत पूर्वीचा मोकळेपणा राहिला नाही. दोघे एकाच पहाटे एकाच झाडाखाली भेटायचे आणि एकमेकांना ओळख दाखवायचे नाहीत.

माझी आई लेओंतीन तेव्हा नव्वदीच्या पुढे होती आणि तिने मला तिची जागा सांगितली नव्हती. रीतीप्रमाणे यात काही गैर नव्हतं. माझं दुःख निराळंच होतं. मला ती कधीच सांगणार नाही, असं तिने चारचौघांत जाहीर केलं होतं.

"आन्सेल्मला?" ती चर्चच्या पायरीवर उभी राहून म्हणाली होती. "त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. जागा माझ्याबरोबर मातीत जाईल, पण त्याला नाही सांगायची."

आता मला सांगा, मी तुल शहरातल्या विमा कचेरीत उभी हयात घालवली. कुणाचं घर कसं जळलं, कुणाची गाडी कुणाच्या बायकोला घेऊन कुठल्या झाडावर आदळली, असली गुपितं मी पोटात ठेवली. (ती गाडी डेंटिस्टची होती, पण ते असो.) आणि माझ्या जन्मदात्या आईने मला असं म्हणावं? कारण काय, तर मी शाळेत असताना वडिलांची नदीतले झिंगे पकडायची गुप्त बिळं पाद्रीबाबांना सांगितली होती. पाद्रीबाबांनी विचारलं म्हणून सांगितली. देवाच्या माणसाशी खोटं बोलायचं का?

निवृत्त झाल्यावर मी आणि माझी बायको ओदील मोंजालला, म्हणजे आमच्या गावी, राहायला आलो. आई दोन घरं सोडून तिच्या घरात राहायची. गुडघे गेले होते, जीभ शाबूत होती. रोज दुपारी ती आमच्याकडे जेवायला यायची. एका दुपारी तिचं सूप संपत आलं. तिने रिवाजाप्रमाणे उरलेल्या सुपात लाल वाइन ओतली, वाडगा दोन्ही हातांनी उचलून तोंडाला लावला, मिशी पुसावी तसा वरचा ओठ पुसला आणि म्हणाली, "शांतमेर्लचे धुण्याचे दगड एकदा बघायचे होते."

शांतमेर्ल हे तिचं माहेर. मोटारीने गेलं तर बोलता बोलता येतं. पण ते दगड गावात नाहीत. पाणचक्कीच्या खाली नदीत आहेत आणि तिथे जायला फक्त चक्कीच्या बैलगाड्यांची जुनी वाट होती. मोंजालहून निघायची, लाव्हेर्न गावाला वळसा घालायची आणि नदी सोडायची नाही. सडक झाली, चक्की बंद पडली, तेव्हा ती वाट काटेरी झुडपांनी गिळली. लग्नाआधी आई त्या दगडांवर आख्ख्या घराच्या चादरी धुवायची. माझे वडील पलीकडच्या काठावर मासे पकडायचं नाटक करत बसायचे. सगळं जमलं ते तिथेच.

"मी ती वाट मोकळी करतो," मी म्हणालो.

आईने माझ्याकडे पाहिलं. "तू?" ती म्हणाली. एकाच अक्षरात एवढा अविश्वास मावतो हे मला त्या दिवशी कळलं.

आई घरी गेल्यावर ओदील भांडी पुसता पुसता म्हणाली, "वाट आईसाठी की जागेसाठी?"

"आईसाठीच."

"हं."

आता खोटं कशाला बोलू? आईला दगड दाखवायचेच होते. पण दगड पाहून ती हरखेल, आपला मुलगा काही अगदीच वाया गेलेला नाही असं तिला वाटेल आणि मग कधीतरी, वेळ येईल तेव्हा, ती माझा कान जवळ घेईल, अशी आशा मनात होती. मला अळंबी नको होती. बाजारात मिळतात. मला आईने लायक समजायला हवं होतं.

मेयरबाई सोलांज पेरा यांना भेटलो. "वाट सार्वजनिकच आहे, खुशाल मोकळी करा," त्या म्हणाल्या. "पण झाडांवर खुणांचा रंग लावायचा तर वरून परवानगी पाहिजे." मी वर गेलो. नदीच्या कचेरीत म्हणाले, आमचा संबंध पाण्याशी, पाणी संपलं की आम्ही संपलो. जंगलाच्या कचेरीत म्हणाले, आमचा संबंध झाडांशी, जिथे झाड सुरू होईल तिथे आम्ही सुरू. पाणी आणि झाडं यांच्यामध्ये जो गवताचा पट्टा होता तो कुणाचाच नव्हता, त्यामुळे त्याची परवानगी द्यायला कुणीच नव्हतं, आणि वाट नेमकी त्याच पट्ट्यातून जात होती. शिवाय मी जिथे जाईन तिथे बारा वाजायचे. बारा ते दोन आमच्याकडे फक्त जेवण चालू असतं, बाकी देश बंद असतो. शेवटी मी थकून परत मेयरबाईंकडे गेलो.

"कुणाचीच नाही ना ती जमीन?" त्या म्हणाल्या. "मग विचारायचं कुणाला? लावा रंग."

मग मी विळा घेऊन वाटेला लागलो. सल्ल्यांना तोटा नव्हता. विळा कसा धरायचा हे मला तिन्ही गावांतल्या प्रत्येक पुरुषाने शिकवलं आणि प्रत्येकाने निराळं शिकवलं. हातात घेऊन दाखव म्हटलं की मात्र प्रत्येकाची कंबर धरायची. लाव्हेर्नच्या मादाम देल्मास म्हणाल्या, वाट माझ्या कुंपणाजवळून ने, लोकांना माझी डेलियाची फुलं दिसतील. मी नेली. मग म्हणाल्या, लोक फुलांकडे बघतात की माझ्या खिडकीकडे, कोण सांगणार? लांबून ने. लांबून नेली तर तिथे त्यांची बदकं होती. बदकांना वाट पसंत नव्हती. माझ्या पोटरीवर अजून खूण आहे.

पण एक सांगतो, ते दिवस फार चांगले गेले. झुडपं बाजूला केली की एकेक गोष्ट हाती लागायची. चाकांनी खोल गेलेल्या दगडांतल्या रेघा. ज्याच्याखाली आम्ही दप्तरं टाकून नदीत उतरायचो ते अक्रोडाचं झाड. मोंजाल आणि लाव्हेर्नची पोरं समोरासमोर उभी राहून एकमेकांवर खडे मारायची तो उतार. आज त्या दोन्ही शाळा बंद आहेत. लाव्हेर्नच्या शाळेत कुणी पॅरिसकर उन्हाळ्यात येऊन मातीची भांडी करतात. कॅफे होते तिथे आता आठवड्यातून दोनदा पाववाल्याची गाडी येऊन भोंगा वाजवते. नदी मात्र तशीच, गुडघाभर, लालसर तळाची, त्याच वळणावर तोच आवाज करणारी. दुपारी पाय पाण्यात सोडून मी पाव आणि सॉसेज खायचो आणि मला वडिलांची, शाळासोबत्यांची, एवढंच काय पाद्रीबाबांचीही आठवण यायची. नोकरीतल्या सगळ्या वर्षांत मला इतकं सुख झालं नव्हतं.

वाट झाली, रंग उरला. पिवळ्या खुणा करायच्या होत्या. आणि इथे माझ्या तोंडाने घात केला. फिर्मांच्या अंगणात संध्याकाळी सात-आठ जण बसले होते, अक्रोडाची दारू फिरत होती, आणि मी खुणांचं शास्त्र समजावून सांगितलं. "सरळ रेघ म्हणजे सरळ जा. वाकडी रेघ म्हणजे वळा. आणि फुली म्हणजे इकडे पाऊल टाकू नका."

"फुली असली की कुणी येत नाही?" फिर्मांने विचारलं.

"शहरी माणूस तर मुळीच नाही. तो फुलीला देवासारखा मानतो."

"अस्सं," फिर्मां म्हणाला आणि त्याने मला आणखी एक ग्लास दिला. फिर्मां कुणाला दुसरा ग्लास देतो तेव्हा सावध व्हावं, हे मला पन्नास वर्षांपासून माहीत आहे. तरी मी प्यालो.

दोन दिवसांनी मी खुणा तपासायला गेलो, तर अक्रोडाच्या पुढे डावीकडच्या टेकाडावर फुली. मी मारली नव्हती. पुढे ओढ्यापाशी दोन. चॅपेलच्या मागे एका बीच झाडाच्या बुंध्यावर एवढी मोठी, की मारणाऱ्याचा रंग संपला नसता तर त्याने झाडच रंगवलं असतं. माझ्या लक्षात आलं. ज्याने त्याने आपापल्या जागेच्या तोंडाशी फुली मारून ठेवली होती.

पण आमची माणसं एवढ्यावर थांबणारी नव्हेत. पोस्टाची पत्रं वाटणारी झेर्मेन हिने एका सकाळी चार घरी जाऊन एकच वाक्य टाकलं: "म्हणजे जिथे फुली तिथे सेप, नाही का?" संपलं. त्या दुपारी तिन्ही गावांत जेवणं घाईत झाली. जो तो आपली फुली पुसायला निघाला. पुसली तर डाग राहतो आणि डाग दिसला की शंका येते, म्हणून मग लोकांनी पुसायचं सोडून दुसऱ्यांच्या रानात फुल्या मारायला सुरुवात केली. जिथे आयुष्यात एक सेप उगवला नाही अशा खडकावर फुल्या. विजेच्या खांबावर फुली. मादाम देल्मासच्या एका बदकाच्या पाठीवर पिवळा डाग होता, तो अपघाताने लागला असं मी समजतो.

मी मेयरबाईंकडे तक्रार घेऊन गेलो. त्या म्हणाल्या, "चौकशी करते." त्यांच्या उजव्या हाताच्या नखात पिवळा रंग होता.

आई मात्र खुशीत होती. रोज जेवताना विचारायची, "आज किती फुल्या?" आणि मी सांगितलं की वाडगा खाली ठेवून हसायची. मी विचारलं, "आई, तू कुणाकडून मारून घेतलीस का?"

"मला कशाला हवी फुली?" ती म्हणाली. "माझी जागा कुणाला सापडायची नाही. तुला तर नाहीच."

त्यात उद्‌घाटन. मेयरबाईंना खासदारसाहेबांची सोय बघायची होती, म्हणून सप्टेंबरचा शेवटचा रविवार ठरला. ओदील कॅलेंडरकडे बघत म्हणाली, "सप्टेंबरात? रानातून मिरवणूक? तुम्हा सगळ्यांना वेड लागलंय का?" मी म्हटलं, हवामान कोरडं आहे, काही उगवणार नाही. बुधवारी रात्रभर पाऊस पडला. गुरुवारपासून लख्ख ऊन.

शनिवारी मी ब्रश आणि टर्पेंटाइन घेऊन सगळ्या वाटेवरच्या खोट्या फुल्या घासून काढल्या. रविवारी सकाळी त्या सगळ्या परत होत्या, आणि बऱ्याच सरळ रेघाही वाकड्या झाल्या होत्या. तोपर्यंत लोक जमले होते. मेयरबाई छातीवर तिरंगी पट्टा लावून आल्या होत्या. लाव्हेर्नचा बँड होता, म्हणजे एक कर्णा, एक ढोल आणि ढोलवाल्याची बायको. खासदारसाहेबांचा निरोप आला की तातडीच्या कामामुळे येता येत नाही. त्यांची आई आमच्याच भागातली होती, त्यामुळे ते त्या सकाळी कुठे असतील याची सगळ्यांना कल्पना होती. फिर्मांने ट्रॅक्टर आणला होता. ट्रॅक्टरच्या मागच्या गाडीत आमच्या बैठकीच्या खोलीतली मखमली खुर्ची दोराने बांधली होती आणि खुर्चीत आई. काळा ड्रेस, लेसची कॉलर, मांडीवर छत्री. राणीने पाहणीला निघावं तशी निघाली होती. गंमत म्हणजे सभ्य पोशाखातल्या प्रत्येक माणसाच्या हातात टोपली होती. "वाटेत खायला पाव घेतलाय," प्रत्येकजण म्हणत होता.

अक्रोडापर्यंत सगळं ठीक चाललं. पुढे सरळ जायचं तर समोर फुली.

"ही खोटी आहे," मी ओरडलो. "सरळ चला."

"फुली म्हणजे पाऊल टाकू नका, तूच सांगितलंस," फिर्मां म्हणाला आणि ट्रॅक्टर वळवला. सरळ गेलं असतं तर त्याचं टेकाड लागलं असतं, हे मी समजून घ्यायला हवं होतं. पुढच्या फाट्यावर झेर्मेन आडवी झाली. त्याच्या पुढच्या फाट्यावर मेयरबाईच म्हणाल्या, "कायदा म्हणजे कायदा, फुलीचा मान राखा." प्रत्येक वळणावर कुणी ना कुणी मिरवणुकीला आपल्या रानापासून दूर ढकलत होतं आणि मी पुढे मागे धावत "अहो नदी तिकडे आहे, तिकडे!" म्हणत होतो. बँड वाजतच होता. ओढा आम्ही दोनदा ओलांडला. मादाम देल्मासच्या अंगणातून गेलो तेव्हा त्या खिडकीत होत्या आणि बदकं अंगणात होती, एवढंच सांगतो. खुर्चीत आई डुलत होती आणि मधूनमधून म्हणत होती, "दगड कधी यायचे, आन्सेल्म?" ते ऐकून मी आणखी जोरात धावायचो.

असं वळता वळता सगळ्यांनी सगळ्यांना अडवून झालं आणि जिथे एकही फुली नव्हती अशा एकाच उतारावर आम्ही येऊन पोचलो. जुन्या चेस्टनटांचं रान होतं. कर्णा थांबला. ढोल थांबला. फिर्मांने ट्रॅक्टर बंद केला.

जमिनीवर पाय ठेवायला जागा नव्हती इतके सेप. वाडग्याएवढ्या टोप्या, पानांतून वर आलेल्या, उन्हात चकाकणाऱ्या. माझ्या उभ्या आयुष्यात मी एवढे पाहिले नव्हते. 

मग आईचा आवाज आला. "देवा!" ती छातीवर हात ठेवून म्हणाली. "माझी जागा! सत्तर वर्षं जपलेली माझी जागा!" आणि तिने लेसच्या रुमालात तोंड लपवलं.

"ही लेओंतीनची जागा!" झेर्मेन किंचाळली. मग जे झालं ते लिहायला मला लाज वाटते. ज्यांच्या टोपल्या भरल्या त्यांनी डोक्यावरच्या टोप्या भरल्या. ढोलवाल्याने ढोलाचं एक कातडं काढलं. मेयरबाईंनी छातीवरचा तिरंगी पट्टा काढला आणि त्याचं गाठोडं बांधलं. मी आईच्या खुर्चीपुढे हात पसरून उभा राहिलो. "सोडा! म्हाताऱ्या बाईची जागा आहे, लाज बाळगा! एकालाही हात लावू नका!" कुणी ऐकलं नाही. दोनदा मी कुणाचा तरी कोट धरला, दोनदा पडलो. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी तिला दगड दाखवायला निघालो होतो आणि तिच्याकडे होतं नव्हतं तेवढं मी बँड लावून लुटवलं होतं. आता ती कशाला माझा कान धरते!

अर्ध्या तासात रान साफ झालं आणि माणसंही. नवीन माल कोमेजायच्या आत तव्यावर पडायला हवा, म्हणून प्रत्येकाला घरी घाई होती. ओदील पाहुण्यांसाठी ठेवलेलं जेवण आवरायला गेली. फिर्मां ट्रॅक्टरची किल्ली माझ्या हातात कोंबत म्हणाला, "तू आण. सोपं आहे. ब्रेक लागत नाही, पण तुला घाई कुठे आहे?"

राहिलो मी आणि आई. रान शांत झालं तेव्हा खालून पाण्याचा आवाज आला. नदी तिथेच होती, उताराच्या पायथ्याशी. मी जन्मात पहिल्यांदा ट्रॅक्टर चालवला. तो कसा थांबला ते विचारू नका. नदीने थांबवला.

आणि समोर दगड होते. रांगेने मांडलेले, मधे झिजून खोलगट झालेले. मी आईला उचलून आणलं. मला वाटलं होतं तिचं वजन जास्त असेल. ती एका दगडावर बसली, तिसऱ्या, आणि तिने त्या खोलगट जागेत हात ठेवला. "हा माझा," ती म्हणाली. बराच वेळ आम्ही पलीकडच्या काठाकडे बघत बसलो. तिथे आता वाळुंजाची झुडपं आहेत.

"आई, माझं चुकलं," मी म्हणालो. "तुझी जागा..."

तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतेय. ती हसत होती. इतकी हसली की मला तिला धरावं लागलं.

"अरे वेड्या, ती माझी जागा नव्हेच! ती उर्स्युलची!"

उर्स्युल म्हणजे आमच्या गावची दुसरी म्हातारी, आईची शाळेपासूनची मैत्रीण आणि शत्रू. ती महिनाभर लिमोजला लेकीकडे गेली होती. म्हणूनच तिच्या रानात फुली मारायला कुणी नव्हतं.

"मग तू रडलीस कशाला?"

"आता माझी जागा गेली म्हटल्यावर माझ्या मागे कोण लागेल? आणि उर्स्युल परत येऊन बोंब कशी मारेल? बोंब मारायची तर जागा आपली म्हणून सांगावं लागेल." ती डोळे पुसत म्हणाली. पुढे झालंही तसंच. उर्स्युल परत आली, सगळ्या गावाला वास येत होता, आणि ती ओठ चावत आईचं सांत्वन करायला आली. आईने तिच्याकडून सांत्वन करून घेतलं.

मग आई हसायची थांबली. माझ्याकडे नीट बघितलं. माझा कोट फाटला होता, गुडघ्याला माती होती.

"सगळे टोप्या भरत होते," ती म्हणाली. "तू एक उचलला नाहीस. माझ्यापुढे उभा राहिलास."

मी गुडघ्याची माती झटकायला लागलो.

"दगडही बघून झाले," ती म्हणाली. "आता काही राहिलं नाही. ये. कान इकडे कर."

याच क्षणासाठी मी जन्म काढला होता. आणि तो आला तेव्हा मला तो नकोसा झाला. कारण आमच्याकडे जागा कधी सांगतात ते मला माहीत होतं.

मी बोलायला लागलो. काय बोललो देव जाणे. विम्याबद्दल बोललो, डेंटिस्टच्या गाडीबद्दल बोललो, बदकांच्या स्वभावाबद्दल बोललो. ती तोंड उघडायची आणि मी आवाज चढवायचो.

"मेल्या, गप्प बस ना! जन्मभर मागत होतास, आता देतेय तर ऐकत नाहीस!"

"पुढच्या वर्षी सांग."

"पुढच्या वर्षी असेन का मी?"

"म्हणून तर."

तिने छत्री उगारली. मग ती हळूच खाली ठेवली आणि माझ्या फाटक्या कोटाची बाही नीट केली. "बरं," ती म्हणाली. "पुढच्या वर्षी."

पुढच्या सप्टेंबरात आम्ही पुन्हा दगडांवर गेलो. मेयरबाईंनी स्वतःच्या हाताने फुल्या पुसल्या होत्या, एक सोडून. आई म्हणाली, "सांगू का?" मी म्हटलं, "नको, पुढच्या वर्षी." त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. तो आमचा खेळच झाला. मी मनात म्हणायचो, माझा कान रिकामा आहे तोवर हिला कुठे जाता येत नाही. मग एका फेब्रुवारीत ती झोपेतच गेली. डॉक्टरला बोलवायला वेळ दिला नाही, पाद्रीबाबांना नाही आणि मलाही नाही.

आता दर सप्टेंबरात मी टोपली घेऊन पहाटे निघतो. मोंजालहून लाव्हेर्न, लाव्हेर्नहून शांतमेर्ल. उर्स्युलचं रान सोडून प्रत्येक टेकाड चढतो, प्रत्येक ओढ्यापाशी वाकून बघतो, इथे तिने वाकून बघितलं असेल का म्हणून. नदीचं एकही वळण मी सोडलेलं नाही. आजवर मला एक सेप मिळालेला नाही. दगडांवर बसून पाव खातो, तिच्याशी थोडं बोलतो आणि मागच्या बोळातून घरी येतो. टोपलीवर नेच्याची पानं असतात.

"मिळाली का रे?" लोक विचारतात.

"छे! यंदा काही खरं नाही."

ते एकमेकांकडे बघतात. आई गेल्यावर उर्स्युलने ते रान आपलं होतं म्हणून शेवटी बोंब मारलीच, तेव्हा आईची खरी जागा मला ठाऊक असणार असं ते धरून चालतात. फिर्मां दोन वर्षं झाडांआडून माझ्या मागे हिंडला आणि मागच्या वेळी त्याने हात टेकले. फाटकाशी येऊन म्हणाला, "लेओंतीनने तुला सांगावं असं कुणालाच वाटलं नव्हतं. पण मानलं तुला, आन्सेल्म. गप्प बसतोस हो."

मी नुसता हसलो. माझ्याविषयी कुणी काही म्हणो, आईची जागा मी आजपर्यंत कुणालाही सांगितलेली नाही, ओदीललासुद्धा नाही.